रक्ताची गुठळी टाळणारी गोळी : घेण्याचा विवेक
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोलावे, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. आम्ही वैद्य नव्हे. जन्मभर फळ्यापुढे उभे राहिलेले शिक्षक. परंतु वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या डबीत ॲस्पिरीन वा क्लोपिडोग्रेलची गोळी आता पुष्कळ घरी आढळते. तिच्याविषयी प्रत्येक घरास जे ठाऊक असणे अवश्य, तेवढेच निवेदन करतो.

लोक हिला ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतात. वस्तुतः ती रक्त पातळ करीत नाही. जखम झाली म्हणजे रक्तातील प्लेटलेट नावाचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून रक्त थांबवितात. हा त्यांचा उपकारच होय. परंतु हृदयाच्या वा मेंदूच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत त्यांनी हेच केले, तर गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात ओढवतो. ही गोळी त्या कणांचा चिकटपणा कमी करते. म्हणजे जी शक्ती गुठळी टाळते, तीच रक्तस्रावही वाढविते. साऱ्या सावधगिरीचे मूळ येथे आहे.

पहिली गोष्ट : गोळी आपल्या मनाने बंद करू नये. हृदयात स्टेंट बसविलेल्या माणसाने बरे वाटते म्हणून, उपवास आहे म्हणून किंवा दात काढावयाचा म्हणून ती सोडली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते. दंतवैद्यास वा शस्त्रवैद्यास गोळीची आधी कल्पना द्यावी. थांबवावी की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवावे. एखादी मात्रा चुकली, तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये.

दुसरी गोष्ट : शेजारी घेतो म्हणून आपण सुरू करू नये. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९ हजारांहून अधिक निरोगी वृद्धांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. रोज अल्प ॲस्पिरीन घेऊन त्यांचा हृदयविकार म्हणण्यासारखा टळला नाही. रक्तस्राव मात्र वाढला. ज्यांना झटका येऊन गेला आहे, त्यांची गोष्ट निराळी. त्यांस या गोळीचा लाभ निश्चित आहे.

तिसरी गोष्ट : खुणा ओळखाव्या. डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी, एकाएकी उठलेली असह्य डोकेदुखी, अथवा डोक्यास मार लागणे, यांपैकी काहीही घडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या विचारल्यावाचून घेऊ नयेत. त्यांनी जठरातील रक्तस्रावाचे भय वाढते. पावसाळ्यात डेंग्यूची शंका आली, तर ‘ही गोळी चालू आहे’ हे डॉक्टरांस प्रथम सांगावे. कारण त्या तापात प्लेटलेट आधीच घटतात.

घरातील तरुणांस आमची एकच विनंती. वडिलांच्या सर्व औषधांची नावे, मात्रा व कारण एका कागदावर लिहून तो त्यांच्या खिशात ठेवावा. आणीबाणीच्या वेळी वृद्धास बोलता येईलच असे नाही. तो कागद त्यांच्या वतीने बोलेल.