हजेरीपट आणि हातून निसटणारी मुले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चौथीतील गुणांबद्दल कंपासपेटीचे बक्षीस घेण्यासाठी मी एकदा याच सभागृहाच्या पायऱ्या चढले होते. त्यानंतर आज चढत आहे. मधली बरीच वर्षे अमेरिकेत, शिकागोजवळच्या एका गावातील शाळेत गेली; शिक्षिका म्हणून नव्हे, तर तेथे ज्याला स्कूल कौन्सेलर म्हणतात आणि आपण विद्यार्थि-समुपदेशक म्हणू, त्या नात्याने. कार्यवाहांनी मला ‘परदेशातील शिक्षणाचे अनुभव’ असा विषय सुचविला होता. तो फार मोठा आणि, त्यांनी रागावू नये, फार निसरडा आहे. परदेशाहून आलेल्या माणसाने तिकडचे गोडवे गावेत आणि श्रोत्यांनी मान डोलवावी, यापलीकडे त्यातून सहसा काही निष्पन्न होत नाही. म्हणून मी एका लहानशा गोष्टीपुरतेच बोलणार आहे. हजेरी, प्रगतिपुस्तक, शिक्षेची वही अशा ज्या नोंदी प्रत्येक शाळेत आपोआप साठत जातात, त्या वाचून अडचणीतील मुलापर्यंत वेळेवर कसे पोहोचता येते, आणि त्या चुकीच्या हाती गेल्या तर काय होते, हा माझा विषय आहे.

तिकडच्या मिडल स्कूलमध्ये सहावी ते आठवीचे, म्हणजे अकरा ते चौदा वर्षांच्या आसपासचे विद्यार्थी असतात. आपल्याकडे एके काळी मराठी सातवी झाली की घरात विचार सुरू होई, मुलाला पुढे शिकवावे की दुकानावर बसवावे. तेथे असा उघड उंबरठा नाही. बहुतेक राज्यांच्या कायद्यांप्रमाणे मुलाला सोळा ते अठरा वर्षांपर्यंत शाळेत ठेवावेच लागते. परंतु शरीराने शाळेत असलेले मूल मनाने शाळा सोडते, ते बहुधा याच तीन वर्षांत. एका शिक्षकाच्या हाताखालून निघून ते सहासात शिक्षकांच्या हाताखाली जाते, आणि प्रत्येकाला त्याचा एकेक तुकडाच दिसतो.

हे तुकडे जोडून पाहणे हे समुपदेशकाचे काम. या पेशाचा आरंभ मात्र निराळ्या हेतूने झाला. १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी बोस्टन शहरात तरुणांना योग्य व्यवसाय निवडण्यास साहाय्य करणारी कचेरी काढली, तेव्हा प्रश्न नोकरीचा होता. पुढे १९५७ साली रशियाने स्पुटनिक अवकाशात सोडला, अमेरिका खडबडून जागी झाली आणि १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने शाळाशाळांतून मार्गदर्शक नेमण्यासाठी पैसा दिला. हेतू हा, की विज्ञान-गणितात चमकणारी मुले हेरावीत. म्हणजे तेथेही शाळेतील नोंदी प्रथम वाचल्या गेल्या त्या हुशार मुले निवडून काढण्यासाठी. आपल्या गुणगौरव समारंभाचीच ती मोठी आवृत्ती म्हणावयास हरकत नाही.

मी कामावर रुजू झाले तेव्हा चारशेच्या आसपास मुले माझ्याकडे सोपविलेली होती. समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थ्यांची आहे, पण पुष्कळ शाळांतून ती पाळली जात नाही. पहिली काही वर्षे माझा दिवस कसा जाई, हे सांगण्यासारखे आहे. जे मूल रडत येई त्याच्याशी मी बोले. ज्याने मारामारी केली असेल, त्याला शिक्षक माझ्याकडे पाठवीत. ज्यांचे आईवडील सुशिक्षित आणि चौकस, त्यांचे दूरध्वनी येत. एवढ्यात संध्याकाळ होई. जे मूल रडत नाही, मारीत नाही, ज्याच्यासाठी कोणी दूरध्वनी करीत नाही, त्याची पाळी येतच नसे.

अशाच एका मुलाविषयी बोलणे मला भाग आहे. सातवीत होता. शांत, नम्र, वर्गात मागच्या बाजूला बसणारा. त्याच्याविषयी एकाही शिक्षकाची तक्रार नव्हती, आणि म्हणून तो माझ्या खोलीत एकदाही आला नाही. आठवीच्या अखेरीस गणितात अनुत्तीर्ण झाला, तेव्हा मी प्रथमच त्याची दोन वर्षांची हजेरी एकत्र काढून पाहिली. गैरहजेरीचे दिवस बहुतेक सोमवार होते. आजीला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी न्यावे लागे. दोन दिवस आई नेई, आणि सोमवारी आईला कामावरून सुटी मिळत नसल्याने हा मुलगा आजीबरोबर जाई. सोमवारी गणिताचा नवा भाग सुरू होई. रुग्णांना नेण्याआणण्यासाठी गाडीची सोय होती. ती मिळवून देणे तासाभराच्या दूरध्वनीचे काम होते. मी ते केले, पण दोन वर्षे उशिरा. पुढे सतराव्या वर्षी त्याने हायस्कूल सोडल्याचे मला कळले. त्याची प्रत्येक गैरहजेरी नोंदलेली होती. शाळेने नोंद ठेवण्यात कसूर केली नव्हती. ती वाचण्याचे काम माझे होते आणि ते मी केले नव्हते.

याच सुमारास एक संशोधन माझ्या वाचनात आले. रॉबर्ट बॅल्फान्झ आणि त्यांचे सहकारी लिझा हर्झॉग व डग्लस मॅक आयव्हर यांनी २००७ साली ते प्रसिद्ध केले. फिलाडेल्फिया शहरात १९९६ साली सहावीत असलेल्या सुमारे १३,००० मुलांचा त्यांनी आठ वर्षे, हायस्कूल संपेपर्यंत, मागोवा घेतला. प्रश्न साधा होता. जी मुले पुढे शाळा पुरी करू शकली नाहीत, ती सहावीतच ओळखता आली असती काय? उत्तर मिळाले, की त्यांपैकी सुमारे ६० टक्के मुले चार खुणांवरून ओळखता आली असती: हजेरी ८० टक्क्यांवर न जाणे, गणितात नापास होणे, इंग्रजीत नापास होणे, आणि गैरवर्तनाबद्दल शाळेतून काही दिवस काढले जाणे. यांतील एकही खूण शोधण्यास मानसशास्त्राची परीक्षा घ्यावी लागत नाही. चारही शाळेच्या कपाटात असतात. पुढे शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनाही आढळले, की मुलाचे पुढे काय होणार हे प्रमाणित परीक्षेतील गुणांपेक्षा त्याची हजेरी आणि वर्गातील श्रेणी अधिक चांगले सांगतात.

आमच्या शाळेत आम्ही मग दर पंधरवड्यास एक बैठक सुरू केली. मुख्याध्यापक, दोन शिक्षक, परिचारिका आणि मी. तिकडे बहुतेक ठिकाणी वर्षाचे सुमारे १८० दिवस शाळा भरते. त्यातील दहावा हिस्सा, म्हणजे १८ दिवस बुडाले की मूल धोक्यात आले असे धरतात. वर्षअखेरीस १८ हा आकडा भयंकर दिसतो, पण महिन्याला तो दोनच दिवसांचा असतो, आणि दोन दिवस कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. म्हणून सप्टेंबरातच दोन दिवस बुडालेल्या मुलांची नावे आम्ही काढू लागलो.

यादी हाती आली म्हणजे काम झाले, असा आमचाही प्रारंभी समज होता. तो लवकरच गेला. यादी एवढेच सांगते की अमक्या मुलाला विचारा. काय विचारावे, हे ती सांगत नाही. एका हिवाळ्यात एकाच वस्तीतील मुले यादीत एकामागोमाग आली. वस्ती गरीब, तेव्हा पालकांना शिक्षणाची आस्था नाही, असे बैठकीत एकजण बोलूनही गेला. मी दोन घरी जाऊन आले. शाळेच्या बसचा थांबा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे हलविला होता, आणि पहाटेच्या अंधारात तो रस्ता ओलांडू देण्यास आया तयार नव्हत्या. थांबा पूर्वीच्या जागी आला आणि मुलेही आली. एकाही मुलाला समुपदेशनाची गरज नव्हती.

या आकड्यांनी आमचीही परीक्षा घेतली, हे नमूद केले पाहिजे. पूर्वी आमच्या वार्षिक अहवालात ‘इतक्या मुलांना अभ्यासाच्या सवयींविषयी व्याख्यान दिले’ असे अभिमानाने लिहिलेले असे. राष्ट्रीय संघटनेने २००३ साली जो आदर्श आराखडा प्रसिद्ध केला, त्याचा रोख निराळा आहे. तुम्ही काय केले हे राहू द्या, त्यामुळे मुलांत काय पालट झाला ते दाखवा. आम्ही व्याख्यानापूर्वीची आणि नंतरची प्रगतिपुस्तके शेजारी ठेवली. काडीचाही फरक नव्हता. ते व्याख्यान माझेच होते आणि मला ते फार आवडत असे. आम्ही ते बंद केले आणि तो वेळ गणितात मागे पडलेल्या लहान गटांना दिला.

आता दुसरी बाजू. काही मुले आकड्यांना दिसतच नाहीत. एका मुलीची हजेरी पूर्ण, सर्व विषयांत पहिली श्रेणी. आमच्या कोणत्याही यादीत ती येणे शक्य नव्हते. ती जेवत नाही, हे प्रथम लक्षात आले ते भोजनगृहात वाढणाऱ्या बाईंच्या. तेव्हापासून त्या बाईंना आम्ही बैठकीस बोलावू लागलो.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे आकडे कोण लिहितो, ही. हजेरी मुलाची असते, पण ‘उद्धटपणा’ हा शेरा शिक्षकाच्या डोळ्यांतून उतरतो. काळ्या वर्णाच्या मुलांना शाळेतून काढण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा पुष्कळ अधिक आहे, हे तेथील सरकारची आकडेवारीच वर्षानुवर्षे दाखवीत आली आहे. मुलाचे आडनाव ऐकून त्याच्याविषयी मत बनविणारे शिक्षक आपण पाहिले आहेत. काहींनी ते सोसले आहे, आणि आपल्यापैकी काहींनी, शिक्षक असताना, ते केलेही असेल. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे बोलणे कदाचित अप्रिय वाटेल, परंतु येथेच ते बोलले पाहिजे.

फ्लोरिडा राज्यातील पास्को परगण्यात तर याची परमावधी झाली. २०२० साली तेथील वृत्तपत्राने उघडकीस आणले, की शाळेतील श्रेणी व गैरहजेरी यांच्या नोंदी परगण्याचे पोलीस दल वापरीत होते, आणि पुढे गुन्हेगार होऊ शकतील अशा मुलांची यादी तयार करीत होते. तीत शेकडो मुलांची नावे होती आणि पालकांना तिचा पत्ता नव्हता. मोठा गहजब झाला, चौकशी सुरू झाली आणि २०२१ साली शाळामंडळ व पोलीस यांच्यातील करार बदलावा लागला. विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त राखणारा संघीय कायदा १९७४ पासून अस्तित्वात असूनही हे घडले. ज्या गैरहजेरीवरून मी आजीच्या डायलिसिसपर्यंत पोहोचले, त्याच गैरहजेरीवरून त्या यादीत एखादे नाव चढू शकत होते.

आपल्याकडेही आता प्रत्येक मुलाची नोंद संगणकावर चढते. सरल आणि यू-डायस प्लस ही नावे येथे बसलेल्या शिक्षकांना, त्या भरताना जागविलेल्या रात्रींसकट, ठाऊक आहेत. त्याविषयी मी बोलणार नाही, कारण तो माझ्या अनुभवाचा भाग नाही. पण मंडळाच्या कचेरीतील लाकडी कपाटाविषयी बोलण्याचा मला हक्क आहे, कारण त्यात माझाही अर्ज आहे. शिष्यवृत्तीसाठी पाचवीपासून येणारे अर्ज, सोबत गुणपत्रिका, वर्षवार बांधून ठेवलेल्या आहेत. त्यांचा उपयोग आजवर आपण एकच केला: दहावी-बारावीला ज्यांना उत्तम गुण मिळाले त्यांची नावे आणि छायाचित्रे या स्मरणिकेत छापली. तो करू नये असे मी म्हणत नाही. त्या कंपासपेटीचे मोल मला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात कार्यवाहांच्या अनुज्ञेने मी तीन वर्षांचे गठ्ठे सोडून पाहिले. पाचवीत आणि सहावीत ज्यांचे अर्ज आले होते आणि सातवी-आठवीत आले नाहीत, अशी काही नावे निघाली. कोणी गाव सोडला असेल, कोणाची परिस्थिती सुधारली असेल, कोणाला अर्जाची तारीख कळली नसेल. काहींच्या घरी निराळेच काही घडले असेल. येथे बसून ते कळावयाचे नाही. वडीलधाऱ्या मंडळींपैकी दोघेतिघे आणि कॉलेजातील काही मुलीमुले येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता कचेरीत आली, तर आपण ती घरे वाटून घेऊ. जाताना गुणपत्रिका बरोबर न्यावयाच्या नाहीत आणि मार्कांविषयी प्रथम विचारावयाचे नाही. माझा मुक्काम अजून तीन आठवडे आहे, तोवर मी बरोबर येईन.

कार्यवाहांस आणखी एक विनंती आहे. माझे हे भाषण स्मरणिकेत छापावयाचे झाल्यास अवश्य छापावे; ती यादी मात्र छापू नये, फलकावर लावू नये, आणि घरे पाहून झाल्यावर माझ्यासमक्ष फाडून टाकावी.