मोकळा आकार

आवाज खुला लागावा म्हणून नवशिका गायक पुष्कळदा गळा ताणतो. अतिगायनाने खुद्द अल्लादियाखाँसाहेबांचाही आवाज बसला होता. मग इतरांची काय कथा! खुलेपणा जोराने येत नाही, जागेने येतो. पडजिभेजवळची मऊ टाळू खाली आली म्हणजे आकारही 'म', 'न' यांप्रमाणे नाकात शिरतो. जांभईच्या आरंभी ती आपोआप उचलली जाते. तेवढीच मोकळीक राखून विद्यार्थ्याने षड्जावर आकार लावावा आणि क्षणभर नाक चिमटीत धरावे. नाद पालटला नाही, तर टाळू योग्य जागी आहे असे समजावे. पुरी जांभई मात्र नको. तिने जीभ मागे सरून गळा उलट आवळतो. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ती ध्वनिमुद्रिका ऐकावी. मोकळा आकार कानांनाच ओळखू येईल.