बॅरिस्टर जयकर : वकिली आणि न्यायासन

अशिलाची बाजू मांडण्यांत ज्याची हयात गेली त्यानेंच पुढें न्यायासनावर बसावें, हें आपल्या इतकें अंगवळणी पडलें आहे कीं त्यांतली अडचण सहसा ध्यानांत येत नाहीं. मुकुंदराव जयकरांच्या बाबतींत ती दुहेरी होती. मुंबईचे हे नामांकित बॅरिस्टर राजकारणांतही मुरलेले होते. १९३० सालीं सर तेजबहादूर सप्रूंसह येरवड्याच्या तुरुंगांत जाऊन त्यांनीं गांधीजी व सरकार यांच्यामध्यें शिष्टाई केली, ती फसली. पुढें लंडनच्या गोलमेज परिषदेंत संघराज्याच्या घटनेचा खल करणारांत ते होते. त्यानंतर झालेल्या १९३५ च्या कायद्यान्वयें दिल्लीस फेडरल कोर्ट स्थापन झालें आणि १९३७ सालीं सर मॉरिस ग्वायर व सर शहा सुलेमान यांच्या जोडीला जयकर तेथें न्यायाधीश झाले. ज्या घटनेच्या चर्चेंत आपण पक्ष घेऊन बोललों, तिचाच अर्थ आतां निःपक्षपातानें सांगावयाचा!

पहिलाच मोठा प्रश्न आला तो पेट्रोलचा. १९३८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळानें पेट्रोल व वंगणाचीं तेलें यांच्या किरकोळ विक्रीवर कर बसविला. हिंदुस्थान सरकार म्हणे, एक्साइज जकात हा मध्यवर्ती अधिकार आहे, आणि माल तयार झाल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातीं पडेपर्यंतचा कोणताही कर तींत येतो. प्रांताचें उत्तर असें कीं, विक्रीवरील कर आमच्या यादींत स्पष्ट लिहिला आहे. दोन्ही शब्द कायद्यांतलेच. एक पुरता ताणला कीं दुसरा निरर्थक. वाद दिसायला तेलाचा होता, परंतु प्रांताच्या लोकनियुक्त मंत्र्यांना स्वतःच्या हिमतीवर पैसा उभारतां येणार कीं नाहीं, हें त्यावर ठरणार होतें. तिन्ही न्यायाधीशांनीं आपापलीं मतें स्वतंत्रपणें लिहिलीं. निष्कर्ष एकच निघाला : दोन्ही नोंदी एकत्र वाचल्या पाहिजेत, आणि हा कर प्रांताच्या अधिकारांतला आहे.

१९३९ सालीं जयकर प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले व १९४२ सालीं तेथूनही बाहेर पडले. न्यायासनावर ते फार रमले असें मला वाटत नाहीं. पण तेथलें वळण मात्र सुटलें नाहीं. डिसेंबर १९४६ मध्यें घटनासमितींत पंडित नेहरूंनीं ध्येयांचा ठराव मांडला, तेव्हां मुस्लिम लीग व संस्थानें यांचे प्रतिनिधी येईपर्यंत तो लांबणीवर टाकावा, अशी उपसूचना जयकरांनीं आणली. गैरहजर पक्षाचें ऐकल्यावांचून निकाल कसा द्यावयाचा? अनेक सभासदांना तें मुळींच रुचलें नाहीं. तरी चर्चा पुढें ढकलली गेलीच, आणि ठराव २२ जानेवारी १९४७ रोजीं संमत झाला. लीग तेव्हांही आली नव्हती.