शेवटची वाघीण

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून रूळ घेऊन मालगाडी निघते. तिच्या अखेरच्या वाघिणीवर ‘एलव्ही’ अक्षरांची पाटी असते. ती दिसल्यावाचून गाडी संपूर्ण आली असे पुढल्या स्थानकावर मानीत नाहीत.

रुग्णांच्या तपासण्यांचे निष्कर्ष एका संगणकाकडून दुसऱ्याकडे गठ्ठ्याने धाडतानाही हीच दक्षता हवी. १९८७ साली स्थापन झालेल्या ‘एचएल-सेव्हन’ संस्थेच्या संकेतपद्धतीत गठ्ठ्याच्या शेवटी ‘बीटीएस’ ही ओळ येते. आत संदेश किती, ते तीत नोंदविता येते. जावा भाषेतील प्रोग्राम मात्र कित्येकदा संदेश तेवढे वाचतो आणि ही ओळ ओलांडून जातो! मग शंभरांतला एक निष्कर्ष वाटेत गळाला, तरी कुणास पत्ता लागत नाही. आणि तोच कदाचित कुणाच्या रक्तात वाढलेल्या पोटॅशियमचा असावयाचा. म्हणून घेणाऱ्याने संख्या ताडून पाहावी, आणि निष्कर्ष नोंदीत चढल्याची पोच येईपर्यंत पाठविणाऱ्याने मूळ प्रत पुसू नये.