पाणी आणि तारण



पाण्याचा बाप्तिस्मा घेतल्यावाचून मनुष्याला तारण आहे की नाही, हा आजचा विषय. तो ख्रिस्ती मंडळींनी आपसांत सोडवावा, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु कृपा संस्काराच्या अधीन आहे, की संस्कार कृपेच्या अधीन, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न कोणत्याच धर्माला चुकलेला नाही. आम्ही आज तो ख्रिस्ती परंपरेच्या अंगणात उभे राहूनच पाहणार आहोत.

प्रथम शास्त्राधार पाहू. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाला सांगतो की, पाणी आणि आत्मा यांपासून जन्मल्यावाचून देवाच्या राज्यात प्रवेश नाही. मार्काच्या अखेरच्या अध्यायात विश्वास आणि बाप्तिस्मा यांची जोडी घालून तारणाचे अभिवचन दिले आहे. एवढ्यावर थांबले तर निकाल लागलाच. पण मार्कात दंड सांगितला आहे तो केवळ अविश्वासाला; बाप्तिस्मा न घडण्याला नाही. लूकाच्या शुभवर्तमानात वधस्तंभावरील अपराध्याला येशू त्याच दिवशी सुखलोकाचे वचन देतो. त्याला कोणी नदीवर नेले नव्हते!

याहून बोलका प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांत आहे. कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरला. पाणी मागाहून आले. मात्र आत्मा मिळाला, आता पाणी कशाला, असे पेत्र म्हणाला नाही. त्याने त्या मंडळींना बाप्तिस्मा देवविला. देवाने पाण्याची वाट पाहिली नाही, आणि माणसांनी पाणी टाळले नाही. आमच्या मते सारे मर्म येथे आहे.

प्राचीन ख्रिस्तसभेने हा तोल बराचसा सांभाळला. दीक्षेपूर्वीच जे विश्वासासाठी मारले गेले, त्यांचा रक्ताने बाप्तिस्मा झाला असे तिने मानले. ३९२ साली तरुण रोमन सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याची इच्छा धरून, पण तो न घेताच मरण पावला. तेव्हा मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याच्या इच्छेलाच संस्काराचे मोल दिले. पुढे १५४७ साली ट्रेंटच्या धर्मसभेने बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक ठरविला. परंतु त्याच वर्षी त्याच सभेने संस्काराच्या इच्छेलाही जागा ठेवली होती.

ज्यांना इच्छाच बोलून दाखविता येत नाही, त्या तान्ह्या मुलांचे काय? येथे तर्क कठोर झाला. ऑगस्टीनने अशा बालकांना अत्यंत सौम्य का होईना, पण दंडच सांगितला. मध्ययुगीन पंडितांनी त्यांच्यासाठी लिंबो नावाची, दुःख नसलेली पण देवदर्शनही नसलेली जागा कल्पिली. आयर्लंडात अशा मुलांच्या निराळ्या दफनभूमी आजही दाखवितात. पवित्र केलेल्या भूमीत त्यांना जागा मिळत नसे. त्या आयांनी काय सोसले असेल, याचा हिशेब कोणत्या ग्रंथात सापडणार? २००७ साली कॅथलिक धर्मपंडितांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे, असे प्रतिपादन केले. उशिरा का होईना, करुणेला शास्त्राची साथ मिळाली.

प्रोटेस्टंट पंथांतही एकवाक्यता नाही. १५३० च्या ऑग्सबर्ग येथील ल्यूथरपंथी जाहीरनाम्याने बाप्तिस्मा आवश्यक म्हटला. क्वेकर आणि मुक्तिफौज हे पंथ पाण्याचा विधी करीतच नाहीत. झुरिक शहरात तर ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झ याला, प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा देण्याच्या अपराधासाठी, लिम्मात नदीत बुडवून मारले. तारणाच्या पाण्यावरून माणूस पाण्यात बुडवावा, याहून मोठा विपर्यास कोणता?

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. येथे बाप्तिस्मा म्हणजे पुष्कळदा घर तुटणे. १८९५ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांची व लक्ष्मीबाईंची काही वर्षे ताटातूट झाली. ती किंमत स्वतः मोजलेल्या या पुरुषाने १९१७ साली साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही जागा दिली. ज्याला पाणी स्वस्तात मिळाले होते त्याचे हे औदार्य नव्हे. म्हणूनच त्याला वजन आहे.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. ज्याच्या कानी आज्ञा पडली, मनाला पटली आणि ज्याला ती पाळणे शक्य आहे, त्याने ‘मनात भाव आहे, तेवढा पुरे’ म्हणून पळवाट काढू नये. पण जो तिथवर पोहोचू शकला नाही, त्याच्यापुढे त्या पाण्याची भिंत उभी करण्याचा अधिकारही कोणाला नाही. आज्ञा माणसाला बांधते. देवाचे हात बांधीत नाही.