आपल्या डोक्यावरची हवा : चाळीस वर्षांचा हिशेब

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुरुवातीलाच सांगतो, मी शास्त्रज्ञ नाही. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गाड्यांना वीज देणाऱ्या वरच्या तारांची देखभाल करण्यात माझी नोकरी चालली आहे. पण हवेतील धूळ आणि धूर हा आमच्या कामाचाच विषय आहे. चिनी मातीच्या इन्सुलेटरवर धूळ, काजळी, सिमेंटची पूड यांचा थर बसतो. कोरडा असेपर्यंत तो निमूट असतो. दव किंवा धुके पडले की ओला होतो, त्यातून वीज झिरपू लागते आणि एखाद्या पहाटे लाइन ट्रिप होते. उत्तर भारतात हिवाळ्यात हा त्रास फार. म्हणून थंडीपूर्वी इन्सुलेटर साफ करावे लागतात. इन्सुलेटर पुसता येतो, फुप्फुस पुसता येत नाही. म्हणून आज हा विषय निवडला.

आपल्यापैकी बरेच जण इथे आलो तेव्हा गावाकडचे लोक म्हणायचे, ‘बंगळूर ना? हवा फार छान!’ दिल्लीच्या बातम्या वाचल्या की आजही आपल्याला मनातून बरे वाटते, की ते सगळे तिकडचे. ही समजूत कितपत खरी आहे, ते पाहू.

हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांना शास्त्रज्ञ एरोसोल म्हणतात. धूळ, काजळी, समुद्राचे मीठ, तसेच कोळशाच्या धुरातील वायूंपासून हवेतच तयार होणारे सल्फेटचे कण, हे सगळे त्यात आले. यांतले अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण सर्वांत घातक. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. हे कण नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात.

हे मोजायचे कसे? एक पद्धत अगदी सोपी आहे. सूर्याचा प्रकाश वरून किती निघाला आणि जमिनीपर्यंत सरळ किती पोहोचला, ते पाहायचे. वाटेत कणांनी जेवढा अडवला, तेवढी हवा धूसर. या धूसरतेला एक आकडा देतात. सूर्य डोक्यावर असताना तो आकडा ०.५ असेल, तर सरळ येणारा सुमारे ६१ टक्के प्रकाशच खाली पोहोचतो. १ असेल तर जेमतेम ३७ टक्के.

तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रातील शास्त्रज्ञांनी हे मोजमाप १९८० च्या दशकात सुरू केले. पुढे इस्रोने देशभर केंद्रांचे जाळे उभे केले. जुने बंगळूरकर जिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात, ती आपली भारतीय विज्ञान संस्थाही त्या कामात आहे. आम्हा मेंटेनन्सवाल्यांना या कामाची किंमत चटकन कळते. एका दिवसाच्या रीडिंगवरून यंत्र बिघडले की नाही ते सांगता येत नाही. वर्षानुवर्षांचे रजिस्टर समोर असेल तरच घसरण दिसते.

त्या रजिस्टरने काय दाखवले? २०१३ साली या नोंदींचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. १९८५ ची पातळी आधार धरली, तर धूसरता दरवर्षी सरासरी २.३ टक्क्यांनी वाढत होती आणि शेवटच्या दशकात तो वेग सुमारे ४ टक्क्यांवर गेला होता. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वाढीचे चित्र विस्कळीत होते, पण डिसेंबर ते मार्च या कोरड्या महिन्यांत ती जवळपास सगळ्या देशात सारखी होती. म्हणजे गंगेच्या खोऱ्यात आणि दक्षिणेतही.

गंगेच्या खोऱ्यात हवा जास्त वाईट, हे खरेच. कोट्यवधींची दाट वस्ती, चुली, वीटभट्ट्या, औष्णिक केंद्रे, शेतातील पेटवलेले खुंट. वर हिमालयाची भिंत आणि थंडीत जमिनीलगत साचून बसलेली गार हवा. आपले पठार उंच आहे, वारा खेळता आहे. पण वाऱ्याला राज्यांच्या सीमा कळत नाहीत. १९९९ मध्ये इंडोएक्स या मोहिमेत जगभरच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरावर पसरलेला तपकिरी धुराचा थर मोजला, तो आपल्या उपखंडातून वाहत गेलेला होता. त्या मोहिमेचे एक प्रमुख, डॉ. व्ही. रामनाथन, हे याच टाटा इन्स्टिट्यूटचे माजी विद्यार्थी.

आता एक गमतीची गोष्ट. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की जमिनीलगतची काजळी मात्र देशात कमी होत चालली आहे. धूसरता वाढते आणि काजळी घटते, हे कसे? आपल्या रेल्वेचेच उदाहरण घ्या. डिझेल इंजिने कमी झाली आणि ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण देशभर जवळजवळ पूर्ण झाले. स्टेशनावरचा काळा धूर कमी झाला, याचा मला अभिमान आहे. पण देशातील सुमारे ७० टक्के वीज अजून कोळशाची आहे. इंजिनाच्या माथ्यावरचा धूर काही अंशी रायचूरसारख्या औष्णिक केंद्राच्या चिमणीत गेला. तिथे काजळी कमी, पण गंधकाचा वायू बाहेर पडतो आणि दूरवर जाऊन त्याचे सल्फेट कण बनतात. तो वायू रोखण्याचे नियम २०१५ मध्ये आले, मुदत वरचेवर वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. डोळ्यांना दिसतो तो धूर कमी झाला, म्हणजे काम संपले असे नव्हे.

मग सुधारणा होऊ शकते का? नक्की होऊ शकते. हे कण हवेत फार तर आठवडा-दोन आठवडे टिकतात. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाउनच्या काळात उत्तर भारतातील धूसरता वीस वर्षांतील नीचांकावर गेली आणि जालंधरहून धौलाधारची हिमशिखरे दिसली. पण तो नाइलाज होता, उपाय नव्हे. ठरवून केलेला उपाय चीनचा. २०१३ नंतर त्यांनी कोळसा आणि कारखाने यांच्यावर कडक नियम लावले आणि चार वर्षांत मोठ्या शहरांतील बारीक कण सुमारे एक तृतीयांश कमी केले.

आता आपले घर पाहू. वर्षाची सरासरी घेतली, तर भारताची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. बंगळूरची सरासरी अलीकडे ३० च्या आसपास असते. म्हणजे सरकारी परीक्षेत पास, पण जगाच्या मापाने सहापट. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचे मानक न पाळणाऱ्या शहरांची यादी आली. त्यात कर्नाटकातली बंगळूर, हुबळी-धारवाड, दावणगेरे आणि कलबुर्गी ही शहरे आहेत. आणि ‘गावाकडे तरी हवा बरी’ असे म्हणू नका. त्याच यादीत सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे आणि नाशिकही आहेत.

एवढ्या मोठ्या प्रश्नात आपण काय करणार, असे वाटेल. बंगळूरमध्ये एक कोटीहून अधिक वाहने आहेत. त्यांतली आपल्या बिल्डिंगखालची मोजा. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत स्कूटर काढायची सवय सोडता येईल. डिसेंबरपासून रस्त्याकडेला सुकी पाने आणि कचरा पेटवतात. ते आपल्या गल्लीत थांबवता येईल. बांधकामाच्या धुळीवर पाणी मारायला सांगता येईल. आणि दिवाळीच्या एका दिवसाचा आकडा पाहून हळहळण्यापेक्षा, दर डिसेंबर ते मार्चची सरासरी वहीत लिहून ठेवा. नगरसेवकासमोर, आमदारासमोर ती वही ठेवली, तर त्यांना उत्तर द्यावे लागेल.

बंगळूरची चांगली हवा आपल्याला आयती मिळाली. समोर बसलेली ही लहान मुले इथेच वाढणार आहेत. त्यांच्या वाट्याला ती आयती येणार नाही, एवढे त्या चाळीस वर्षांच्या नोंदींवरून दिसते. 

गणपती बाप्पा मोरया!