व्यापारी प्रवासपत्र आणि विमानतळावरील जलद रांग

परदेशाशी व्यापार करणाऱ्या माणसाला दोन दारे ओलांडावी लागतात. पहिले दार बाजारपेठेचे. ते मालाच्या गुणावर आणि दिलेल्या शब्दाच्या खरेपणावर उघडते. दुसरे दार परक्या देशाच्या सीमेचे. तेथे मालाच्या गुणाला कोणी विचारत नाही; तेथे पासपोर्ट, व्हिसा आणि इमिग्रेशन अधिकाऱ्याचे समाधान यांचे राज्य असते. ग्राहकाने सोमवारी बोलवावे आणि व्हिसा पुढच्या महिन्यात हाती पडावा, असे झाले म्हणजे ठरलेला सौदाही हातचा जातो. मोठ्या कंपनीला हा तोटा सोसतो. चार माणसांच्या बळावर कारखाना चालवणाऱ्याला तो वर्षभर पुरतो.

या अडचणीवर उपाय म्हणून आशिया आणि पॅसिफिक महासागराच्या काठावरील देशांनी एक योजना काढली. 1989 साली स्थापन झालेल्या ‘एपेक’ या आर्थिक सहकार्याच्या मंडळात आज एकवीस सदस्य आहेत. त्यांपैकी ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया आणि फिलिपीन्स या तिघांनी 1997 मध्ये व्यापाऱ्यांसाठी एका विशेष प्रवासपत्राची चाचणी सुरू केली. तेच आजचे एपेक बिझनेस ट्रॅव्हल कार्ड होय. एकोणीस सदस्य या योजनेत पूर्णत्वाने सामील आहेत. अमेरिका आणि कॅनडा यांचा सहभाग मर्यादित आहे.

या कार्डाचे फायदे दोन. ज्या सदस्य देशांनी धारकाला आगाऊ संमती दिली असेल, तेथे अल्प मुदतीच्या व्यापारी भेटीसाठी त्याला निराळा व्हिसा काढावा लागत नाही. आणि तेथील प्रमुख विमानतळांवर त्याला इमिग्रेशनच्या जलद रांगेत उभे राहता येते. एका भेटीत देशपरत्वे साधारणतः साठ किंवा नव्वद दिवस राहण्याची मुभा मिळते. कार्डाची मुदत पूर्वी तीन वर्षांची होती. 2015 च्या सप्टेंबरपासून ती पाच वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. पासपोर्टची मुदत त्याआधी संपत असेल, तर कार्डही तेव्हाच संपते. 2021 पासून अनेक सदस्य देश हे कार्ड मोबाइलवरच देऊ लागले आहेत.

परंतु हे कार्ड म्हणजे सर्व कुलपांची किल्ली नव्हे. ते पासपोर्टची जागा घेत नाही. पासपोर्ट बरोबर असावाच लागतो. अमेरिका आणि कॅनडा या देशांत व्हिसाची गरज असलेल्याला हे कार्ड असूनही व्हिसा काढावाच लागतो. तेथे मिळते ती केवळ जलद रांगेची सोय. जकात अधिकाऱ्याच्या तपासणीतून या कार्डामुळे सुटका होत नाही. कार्डावर परदेशात जाऊन नोकरी करता येत नाही. व्यापाऱ्याबरोबर निघालेली पत्नी आणि मुले त्याच्या कार्डाच्या आधारे जाऊ शकत नाहीत. व्यावसायिक खेळाडू, वार्ताहर, गायक-वादक आणि नट यांनाही या योजनेने व्यापारी मानलेले नाही.

आता अर्जाची रीत पाहू. समजा, सिडनीत स्थायिक होऊन ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतलेला एक मराठी कारखानदार आहे. जपान, थायलंड आणि पेरू येथे त्याचे ग्राहक आहेत. त्याने अर्ज करावयाचा तो आपल्या देशाच्या सरकारकडे. तो खरोखर व्यापारी आहे काय, त्याला परदेशी वारंवार जावे लागते काय, त्याच्यावर गुन्हा शाबीत झालेला नाही ना, याची छाननी प्रथम त्याचे स्वतःचे सरकार करते. मग तो अर्ज इतर सदस्य देशांकडे जातो आणि प्रत्येक देश आपल्या पद्धतीने त्याची पुन्हा तपासणी करतो. कोणी लवकर होकार देतो, कोणी महिने लावतो. एखाद्या देशाने नकार दिला, तर त्याचे कारण सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. म्हणून कार्ड मिळाले म्हणजे सर्व देश खुले झाले, असे समजून तिकीट काढणे घातक ठरते. ज्या देशी जावयाचे, त्याची संमती कार्डावर नोंदलेली आहे की नाही हे आधी पाहावे.

श्रोत्यांच्या मनात येईल की, हे कार्ड वडोदऱ्याच्या, इंदूरच्या किंवा बेळगावच्या कारखानदाराला मिळेल काय? भारतीय नागरिक म्हणून ते त्याला मिळत नाही. भारत एपेकचा सदस्य नाही. 1998 मध्ये पेरू, रशिया आणि व्हिएतनाम यांना प्रवेश दिल्यावर त्या मंडळाने नवा सदस्य घेतलेला नाही. तेव्हा भारतीय पासपोर्टधारकाला “एपेक कार्ड काढून देतो” असे कोणी सांगू लागला, तर त्याला दारातूनच निरोप द्यावा.

मात्र भारतीय प्रवाशासाठी जलद रांगेची सोय देशातच झालेली आहे. 22 जून 2024 रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर भारत सरकारने ‘विश्वासू प्रवासी’ योजना सुरू केली. जानेवारी 2025 मध्ये ती मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद येथे लागू झाली. त्यानंतर आणखी काही विमानतळांची भर पडली. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक यांना तिचा लाभ घेता येतो. पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारून ओसीआय कार्ड बाळगणारे गोमंतकीयही त्यात येतात. व्यापारी असण्याची अट नाही. लेकीकडे निघालेली आजीही अर्ज करू शकते.

या योजनेत अर्ज संगणकाद्वारे भरावयाचा असतो आणि त्या वेळी पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते. छाननीत अर्ज मान्य झाला म्हणजे परदेशी नागरिकांच्या प्रादेशिक नोंदणी कार्यालयात किंवा नेमलेल्या विमानतळावर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र द्यावे लागते. पुढे प्रवासाच्या दिवशी तो उतारू यंत्रचालित फाटकापाशी जातो, बोर्डिंग पास आणि पासपोर्ट यंत्राला दाखवतो, यंत्र त्याचा चेहरा पडताळते आणि फाटक उघडते. नोंदणी अधिकात अधिक पाच वर्षे, किंवा पासपोर्टची मुदत असेतोवर, जे आधी संपेल तेथवर चालते. ही योजना सरकारने निःशुल्क सुरू केली. तेव्हा तिच्या नावाने सरकारी फी मागणाऱ्या मध्यस्थापासून सावध राहावे.

भारतीयांना खुली झालेली आणखी एक योजना म्हणजे अमेरिकेची ‘ग्लोबल एंट्री’. 2017 पासून भारतीय नागरिकांना तीत अर्ज करता येऊ लागला. 1 ऑक्टोबर 2024 पासून तिचे शुल्क एकशेवीस डॉलर झाले आणि अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. पूर्वचारित्र्याची तपासणी होते, प्रत्यक्ष मुलाखत होते. आणि इतके होऊनही अमेरिकेचा व्हिसा निराळा लागतोच.

या साऱ्या योजनांचे तत्त्व एकच आहे. विमानतळावर वाचणारा वेळ आकाशातून पडत नाही. तो आधीच घरी बसून, कागदपत्रे जुळवून, चौकशीला सामोरे जाऊन भरलेला असतो. सीमेवर विचारावयाचे प्रश्न येथे प्रवासाच्या आधी विचारले जातात, एवढाच फरक. म्हणून उतावीळपणे, अर्धवट माहिती देऊन केलेला अर्ज हा जलद रांगेचा सर्वांत मोठा शत्रू होय.

मराठी माणसाने तर एका गोष्टीकडे विशेष लक्ष पुरवावे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तिहेरी नाव लिहिण्याची रीत आहे. पासपोर्टावर ते तिन्ही असते, बँकेच्या कागदावर मधले नाव नुसत्या आद्याक्षराने असते, कंपनीच्या दप्तरी आडनाव आधी येते, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीच्या जुन्या कागदांवर तर वेगळेच नाव असते. घरच्यांना या सर्व नावांची व्यक्ती एकच दिसते. परक्या कार्यालयातील कारकुनाला किंवा यंत्राला ती तीन दिसतात. तेव्हा पासपोर्टावर जसे नाव आहे तसेच, अक्षर न बदलता, सर्वत्र लिहावे. जुनी अटक किंवा खटला यांविषयी प्रश्न असेल तर खरे तेच सांगावे. कारण लपवलेली गोष्ट छाननीत उघडकीस आली, की मूळ गोष्टीपेक्षा ती लपवणेच अधिक बाधते. नवा पासपोर्ट हाती आला, की जुन्या पासपोर्टाशी जोडलेल्या कार्डाचे काय करावयाचे, याची चौकशी प्रवासापूर्वीच करावी.

शेवटी एक विचार समाजाच्या बाजूनेही करावयास हवा. काहींना जलद रांग दिली, तर बाकीच्यांवर अन्याय होतो काय? ज्यांची पडताळणी आधीच झाली आहे, त्यांच्यावर अधिकाऱ्याचा वेळ पुन्हा खर्च होऊ नये, यात अन्याय नाही. परंतु तो वाचलेला वेळ लांब रांगेतील माणसांच्या कामी आला पाहिजे. तेथे प्रथमच विमानात बसणारा कामगार असतो, भाषा न कळणारे वृद्ध जोडपे असते, उसनवारी करून परदेशी प्रदर्शनाला निघालेला विणकर असतो. त्यांच्याजवळ कार्ड नाही म्हणून त्यांची सचोटी कमी ठरत नाही. त्यांच्या प्रश्नांना शांतपणे उत्तर देण्याइतकी सवड अधिकाऱ्याला मिळाली, तर जलद रांगेचा लाभ त्या रांगेत न उभ्या राहिलेल्यांनाही होईल.